सोलापूरजवळ रेसचा घोडा तयार करायला खाजगी जागा कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघा भावांनी मिळून पुण्याकडच्या एका स्टडमधून (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्ममधून) थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचं, शिंगरू घेतलंय. वय दीड वर्ष, कागद पूर्ण. घर सोलापुरात, शेती मोहोळ तालुक्यात. घोडा डोळ्यांसमोर राहावा म्हणून दोन-तीन तासांच्या अंतरात ट्रेनिंगची खाजगी जागा हवी. नाहीच मिळाली तर शेतात ट्रॅक काढायचा. वर तुमचं म्हणणं असं, की आपल्या जिल्ह्यात वारीची रिंगणं होतात, अकलूजला घोडेबाजार भरतो, मग एवढ्या घोड्यांच्या मुलखात सोय का नसावी?

सोय आहे, पण तुम्ही शोधताय ती नाही. "रेसला लागेल एवढा पूर्ण तयार करून देतो" असं या भागातलं कुणी म्हणालं, तर चहा घ्या आणि परत या. त्याचं कारण रेसिंगच्या रचनेतच आहे. इंग्लंडात न्यूमार्केट, लॅम्बोर्न अशा गावांत ट्रेनरचे स्वतःचे तबेले असतात. घोडा तिथं तयार होतो आणि रेसच्या दिवशी गाडीत घालून कोर्सवर नेतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओकालाच्या आसपास खाजगी ट्रेनिंग सेंटरांची रांग आहे. आपल्याकडं घोडा उभा राहतो तो क्लबच्या तबेल्यात, क्लबचा परवाना असलेल्या ट्रेनरच्या ताब्यात, आणि सकाळचं काम करतो क्लबच्याच ट्रॅकवर. महालक्ष्मी आणि पुणे हे दोन्ही कोर्स रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे. इकडं हैदराबादला मलकपेटचा. टायमिंगची गॅलप (घड्याळ लावून भरधाव पळवणं), स्टार्टिंग गेटचा सराव, सोबतीच्या घोड्यांबरोबरचं काम हे सगळं तिथंच. तुमच्या शिंगरूला शेवटी तिथंच जायचंय.

मग खाजगी जागा लागते कशाला? दोन कामांना. एक, ब्रेकिंग आणि त्यानंतरचा पाया: अंगावर खोगीर घेणं, माणूस घेणं, सरळ चालणं, दुडकी, आणि मग काही महिने हळू कँटर (दुडकी आणि गॅलप यांच्या मधली चाल). दोन, विश्रांती: सीझन संपल्यावर, किंवा पाय दुखावल्यावर. ही दोन्ही कामं क्लबच्या बॉक्समध्ये (एका घोड्याच्या खोलीत) तेवीस तास कोंडलेल्या घोड्यापेक्षा मोकळ्या जागेत चांगली होतात. सोलापूरच्या बाजूला जागा शोधायची ती यासाठी.

म्हणून जागेच्या आधी ट्रेनर ठरवा. बहुतेक नवे मालक उलटं करतात. आधी जागा, मग घोडा तिथं सहा महिने, आणि मग ट्रेनरकडं नेला की तो म्हणतो, "याचं तोंड बिघडलंय, लगाम नीट घेत नाही, परत पहिल्यापासून." पुणे की हैदराबाद, हे आधी ठरू द्या. सोलापूर नेमकं या दोघांच्या मधल्या हायवेवर आहे; पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या थोडं पुढं. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, साधारण जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, आणि मग तेच घोडे नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईला पळतात. हैदराबादला पावसाळी आणि हिवाळी असे दोन्ही सीझन एकाच कोर्सवर, त्यामुळं घोड्याची ने-आण कमी. पहिलाच घोडा असेल तर हा मुद्दा हलका समजू नका. ट्रेनर ठरला की त्यालाच विचारा, "ब्रेकिंग तुम्ही कुणाकडून करून घेता?" ज्याच्या हातचे घोडे त्याला चालतात, त्याच्याकडंच द्या. ती जागा तळेगाव किंवा हडपसरच्या बाजूला निघाली आणि सोलापूरपासून चार-पाच तासांवर असली, तरी मी तिकडंच पाठवीन. घोडा डोळ्यांसमोर असण्यापेक्षा जाणत्या हातात असणं महत्त्वाचं.

दीड वर्ष म्हणजे घाईची वेळ नाही. रेसच्या हिशेबात सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एका वर्षानं वाढतं, मार्चचा जन्म असो की मेचा. इंडियन डर्बी ही मानाची रेस चार वर्षांच्या घोड्यांची असते, फेब्रुवारीत, २४०० मीटर. म्हणजे तुमच्याकडं वेळ आहे. गुडघ्याच्या वरची वाढीची रेषा साधारण चोवीस ते तीस महिन्यांत भरते. ट्रेनर जोराचं काम सुरू करण्याआधी गुडघ्याचा एक्स-रे मागतो तो त्यासाठी.

आता समजा, इंदापूर-टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंतच्या पट्ट्यात तुम्हाला एक-दोन जागा कळल्या आणि तुमचा ट्रेनरही "बघून या" म्हणाला. बघायचं काय?

ऑफिस, कमान, रंगवलेले बॉक्स, पांढऱ्या खांबांचं कुंपण हे सगळं शेवटी. आधी जमीन. आपल्याकडची काळी माती घोड्याच्या पायाला वैरी आहे. एप्रिलमध्ये भेगा पडतात, त्यात खूर अडकला की घोटा गेला. परतीच्या पावसात तीच माती खुराच्या नालेला धरून बसते आणि पाय उचलताना शिरा ताणल्या जातात. म्हणून काम करायची पट्टी मुरमाच्या पक्क्या थरावर वाळू घालून केलेली हवी. वर साधारण तीन-चार इंच सैल वाळू. त्याहून खोल असेल तर घोडा प्रत्येक टापेला पाय उपसत पळतो आणि मागच्या शिरांवर ताण येतो. उथळ असेल तर दणका थेट गुडघ्याखालच्या नळीच्या हाडात.

हे कळतं कसं? घोडा कँटर करून गेला की लगेच ट्रॅकवर उतरा आणि ठशाजवळ उकिडवे बसा. चांगल्या वाळूत ठसा स्वच्छ उठतो, पुढची बाजू थोडी खणलेली, कडा थोड्या ढासळलेल्या, आणि तळाशी बोट दाबलं तर अर्धा इंच आत जातं. तळाशी बोट टणक लागलं आणि बाजूला नालेच्या ओरखड्याची चमक दिसली, तर खाली मुरूम उघडा पडलाय. ठसाच उरला नसेल, नुसता खड्डा असेल, तर वाळू कोरडी आणि जास्त आहे. एकाच ठिकाणी बघू नका. वळणाच्या आतल्या बाजूला बघा, कारण सगळे घोडे तिथंच घासून जातात आणि वाळू बाहेर फेकली जाते. रोज फळी मारून वाळू परत आत ओढतात का, ते तिथंच समजतं.

क्रश सँडबद्दल (दगड भरडून केलेल्या वाळूबद्दल) कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. नदीची वाळू महाग झाल्यापासून अनेकांनी क्रश सँड टाकली. तिचे दाणे टोकदार असतात, पाणी आणि टापा पडून ती आवळत जाते, आणि वरून वाळू दिसली तरी काही महिन्यांत फरशी होते. रोज भुसभुशीत करायची यंत्रणा असेल तर चालेल, नाहीतर नाही.

दुसरी गोष्ट आकार. रायडिंग क्लबचा २० बाय ६० मीटरचा रिंगण-चौक हा खोगिराच्या सरावाला ठीक; तिथं कोवळ्या घोड्याला कँटरचे फेरे घालायला लावले तर सगळा भार सतत आतल्या पायावर. नुसत्या लाँजिंगच्या (लांब दोरीवर फिरवायच्या) गोलात रोज अर्धा-अर्धा तास गरागरा फिरवणाऱ्यापासूनही लांब राहा. कितीही छोटी असली तरी सरळ पट्टी असलेली जागा बरी.

जमिनीनंतर माणसं. इथं आपल्या भागाचा एक खास धोका आहे. अकलूजच्या बाजारात जी मंडळी भेटतात ती घोड्यात मुरलेली असतात, त्यात शंका नाही, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा हात मारवाडी-काठियावाडी घोडा नाचवण्यात बसलेला असतो. नाचरा घोडा तोंडात लगामाची कडी लागली की मान आखडून मागं बसतो. तेच त्याचं शिक्षण. रेसच्या घोड्याला नेमकं उलटं शिकवायचं असतं: कडी धरायची, तिच्यावर मान लांब टाकायची आणि पुढं जायचं. एकदा का शिंगरूनं कडीला भ्यायला शिकलं, की ट्रॅकवर जॉकीनं लगाम घेतला की ते डोकं वर टाकणार. टोके असलेली कडी तर १९६५ च्या नियमांनी बंदच आहे, तरी वापरतात. तबेल्यात खुंटीवर लटकलेल्या कड्या बघा. रबराची किंवा साधी गुळगुळीत सांध्याची कडी दिसली तर पुढं बोला.

रिंगणाचं उदाहरण तुम्ही दिलंत. माउलींचा अश्व लाखो माणसांत निर्धास्त धावतो, ती सवय कौतुकाचीच आहे आणि आपल्या शिंगरूला गर्दीची अशी सवय लागली तर रेसआधी घोडे लोकांसमोर फिरवतात तिथं फायदाच. पण रिंगण म्हणजे काही मिनिटांचं धावणं. १२०० मीटर, दर फर्लांग (सुमारे दोनशे मीटर) तेरा सेकंदांच्या आत ठेवत जाणं हे हाडांचं आणि फुप्फुसांचं वेगळं काम आहे.

माणूस कसा ओळखायचा? सकाळी साडेपाचला जा, आधी न कळवता. कोवळ्या घोड्यावर खोगिराचा पट्टा आवळताना सईस (घोड्याची निगा राखणारा) कसा उभा राहतो ते बघा. जाणता माणूस खांद्याला खांदा लावून उभा असतो, एक भोक आवळतो, घोड्याला चार पावलं चालवतो, मग दुसरं भोक. घाईचा माणूस एका झटक्यात आवळतो, घोडा पाठ फुगवतो, आणि मग तो घोड्याला शिव्या देतो. एवढं बघितलं तरी पुरे. पुण्या-मुंबईच्या तबेल्यात जमादार (सईसांचा मुकादम) म्हणून काम करून गावी परतलेली माणसं, किंवा लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमधून निवृत्त झालेले स्वार, यांच्यातलं कुणी ती जागा सांभाळत असेल तर मी इमारत पत्र्याची असली तरी हरकत घेणार नाही. वर बसणारा पोरगा हलका हवा आणि त्याच्या डोक्यावर हेल्मेट हवं. हेल्मेटशिवाय कँटर करणारी जागा बाकीच्या गोष्टींतही अशीच ढिली असते.

त्यांना कामाचा आराखडा विचारा. "रोज चार किलोमीटर पळवतो" एवढंच उत्तर आलं तर समजा की हाडांचा विचार नाही. नुसत्या लांब, हळू कँटरनं दम वाढतो. नळीचं हाड मात्र ज्या वेगाची सवय लावाल त्या वेगापुरतंच घट्ट होतं. मग ट्रेनरकडं पहिली जोराची गॅलप झाली की नळीची पुढची बाजू दुखायला लागते. तबेल्यात याला शिन येणं म्हणतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठातले डॉ. डेव्हिड न्यूनामेकर यांनी यावर बरंच काम केलं आणि दाखवलं, की पाया घालतानाच अधूनमधून अगदी छोट्या अंतराचं वेगाचं काम दिलं तर हा त्रास कमी होतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात आठवड्यातून एक-दोनदा शे-दोनशे मीटर थोडं मोकळं सोडायला सरळ, चांगली पट्टी हवीच. हे वेळापत्रक मात्र तुमच्या ट्रेनरनं ठरवावं, जागेच्या मालकानं नाही.

खाण्याचं. सोलापूर म्हणजे ज्वारी, आणि ज्वारी म्हटलं की कडबा आणि कडवळ आलंच. म्हशीला घालतो तसं घोड्याला कडवळ घालू देऊ नका. कोवळ्या ज्वारीतलं विष तर आहेच, पण घोड्यात ती बरेच दिवस खाण्यात राहिली तर मूत्राशय आणि मज्जातंतू बिघडतात, मागचे पाय लटपटतात, लघवी थेंबथेंब गळते. उसाच्या वाढ्यावर घोडा ठेवणं म्हणजे पोट भरल्याचा देखावा. लसूणघास आपल्याकडं चांगली येते, ती द्या, पण सगळी वैरण तीच नको. सोबत वाळलेलं चांगलं गवत हवं. चंदीत (दाण्याच्या खुराकात) ओट मुख्य. चाऱ्याच्या खोलीत जा, ओटाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घाला आणि वास घ्या. कुबट वास आला तर पुढचं बोलणंच नको, बुरशीचा दाणा हे पोटशुळाचं नेहमीचं कारण.

पोटशूळ म्हटला की डॉक्टर. सोलापूर जिल्ह्यात जनावरांचे डॉक्टर भरपूर आहेत, पण त्यांचा दिवस गाई-म्हशींत जातो. आतड्याला पीळ पडला तर घोड्याला ऑपरेशन लागतं आणि हाताशी काही तासच असतात. म्हणून जागेच्या मालकाला एकच विचारा: "रात्री दोनला घोडा लोळायला लागला तर तुम्ही कुणाला फोन करता, आणि पुण्याला न्यायला गाडी कुठली?" गाडीचं उत्तर अडखळत आलं तर ती जागा टेंभुर्णीच्या अलीकडं असो की पलीकडं, काही उपयोग नाही. विश्रांतीच्या घोड्याला हे चालून जाईल, कोवळ्या महागड्या शिंगरूला नाही.

रोगांचं थोडक्यात. तिथले घोडे बाजार-जत्रांना जातात का, आणि परत आल्यावर वेगळे बांधतात का, ते विचारा. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग आहे, नोंद करणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि तपासणीत सापडलेला घोडा मारावा लागतो. तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. २००८ मध्ये घोड्यांच्या फ्लूनं देशभरातल्या रेसिंगची काय दशा केली ते जुन्या माणसांना विचारा. फ्लू आणि धनुर्वाताची लस चुकवू नका. कॅनॉलच्या आणि उसाच्या पट्ट्यात गोमाश्यांमुळं सर्रा नावाचा रोग होतो. घोडा उगाच रोडावतोय, ताप येतो-जातो, पोटाखाली सूज येते असं दिसलं की रक्त तपासा. आणि दिलेल्या प्रत्येक औषधाची तारखेसह वही ठेवायला लावा. घोडा ट्रेनरकडं गेल्यावर डोपिंगची जबाबदारी त्याच्या गळ्यात येते. तो ती वही मागणारच.

आता तुमच्या शेतातल्या ट्रॅकचा हिशेब. एक किलोमीटरचा गोल, २५० मीटरच्या दोन सरळ बाजू आणि तेवढीच दोन वळणं धरली, तर वळणाची त्रिज्या ८० मीटर येते. त्याहून आवळू नका. एवढ्याला कडेसकट सतरा-अठरा एकर गुंतते. पट्टी सहा मीटर रुंद धरली तर साडेतीन इंच वाळूला १९० ब्रासच्या आसपास लागेल, खालचा मुरूम वेगळा. उन्हाळ्यात रोज चौरस मीटरला तीन लिटर पाणी मारायचं म्हटलं तर १८,००० लिटर. मोहोळमध्ये मे महिन्यात रोज दोन टँकर वाळूवर ओतणार का? तेही एका घोड्यासाठी? शिवाय एकट्या घोड्याला ट्रेनिंग होत नाही. शिंगरू दुसऱ्या घोड्याच्या मागं, बाजूला, मधून पळायला शिकतं; एकटं वाढलेलं रेसमध्ये पाठीवर वाळू-माती उडाली की बिचकतं.

त्यापेक्षा शेतात करण्यासारखं वेगळं काही आहे. ६०० मीटर लांब, ५ मीटर रुंद सरळ पट्टी फक्त तीस गुंठ्यांत बसते. पण तीही आता नको. आता हवा आहे तो दीड-दोन एकरांचा सुरक्षित पॅडक (घोडा मोकळा सोडायची कुंपणाची जागा), काटेरी तार अजिबात नसलेला, लाकडी किंवा पाइपचं कुंपण, दगड वेचून काढलेला, सावलीला चिंच किंवा लिंब. बारा बाय बारा फुटांचा हवेशीर बॉक्स, वर पत्रा असेल तर त्यावर कडब्याचा थर. सोबतीला एक शांत, वयस्कर घोडी, भीमथडी असली तरी छान. आपल्या भीमाकाठची जात, उन्हाला आणि दगडाला सरावलेली, कमी खाणारी. हे जमलं तर घोडा पहिल्या सीझननंतर उन्हाळ्याच्या विश्रांतीला तुमच्याकडं येऊ शकतो आणि तुमची डोळ्यांसमोर ठेवायची हौसही भागते. फक्त मे महिन्यात घाम येतोय ना, ते रोज बघा. उष्ण भागात काही थरोब्रेडचा घाम अचानक बंद होतो. कातडी कोरडी, श्वास जोरात. असा घोडा सोलापूरच्या उन्हात ठेवायचा नाही, लगेच पुण्याकडं हलवायचा.

करार लेखी करा. महिन्याच्या दरात चंदी, नालबंद, जंतनाशक धरलंय का. डॉक्टरचं बिल कुणाचं. वर बसणारा पोरगा पडला तर विमा कुणाचा. पैसे थकले तर घोडा अडवून ठेवणार का. आणि घोडा तिथं ठेवण्याआधी क्लबच्या रेसिंग ऑफिसकडून ट्रेनरमार्फत लेखी विचारून घ्या, की बाहेरून येणाऱ्या घोड्याला तबेल्यात घेताना कुठल्या तपासण्या आणि कागद लागतात. पासपोर्ट आणि मायक्रोचिपचा नंबर जुळतोय ना, हे गाडीत चढवण्याआधी स्वतः तपासा.

प्रवासाचं एक सांगून थांबतो. गाडीत घोड्याची मान वर, आखूड बांधून सहा तास नेऊ नका. मान खाली करता आली नाही तर नाका-घशातली घाण फुप्फुसात उतरते आणि दोन दिवसांनी ताप चढतो. चार तासांच्या आत एकदा थांबा, दोर सोडा, मान खाली करून पाणी पिऊ द्या. रात्री निघा, पहाटे पोहोचा. पोहोचल्यावर तीन दिवस काम नाही, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, १०१.५ फॅरनहाइटच्या वर गेला तर वाट बघायची नाही, डॉक्टरला बोलवायचं.